टायरचे माप: चार आकडे आणि दोन अक्षरे

बैलगाडीच्या लाकडी चाकावर लोखंडी धाव चढविण्याचे काम ज्यांनी लहानपणी पाहिले असेल, त्यांना एक गोष्ट आठवत असेल. लोहार प्रथम चाकाचा घेर काळजीपूर्वक मोजून घेई आणि धावेची कडी त्या घेराहून किंचित लहान ठेवी. भट्टीत लाल होईपर्यंत तापविली की ती कडी प्रसरण पावे, चाकावर बसे आणि वरून पाणी ओतताच आकुंचन पावून चाकाला घट्ट आवळून धरी. कडी मोठी झाली तर चार दिवसांत धाव निसटावयाची. फारच लहान झाली तर चाकच मोडावयाचे. धाव दिसते कशी, हा प्रश्न तेथे कोणी विचारीत नसे. प्रश्न एकच असे, तो मापाचा.

मोटारीचा टायर हा या लोखंडी धावेचाच वंशज होय. फरक इतकाच की, शेतकऱ्याला आपल्या गाडीच्या चाकाची पुरी ओळख असे. मोटारीच्या मालकाला मात्र आपल्या टायरचे माप पुष्कळदा सांगता येत नाही. टायर झिजले की तो दुकानात जातो, दुकानदार जुन्या टायरवरील आकडे वाचतो, आणि त्याच आकड्यांचा नवा टायर चाकावर चढतो. जुन्या टायरचे माप योग्य असेल तर यात काहीच बिघडत नाही. परंतु तेच चुकीचे असेल तर चूक पुढे चालू राहते, आणि तीही नवे पैसे मोजून.

एक उदाहरण घेऊ. समजा, बेंगळूरुत नोकरीनिमित्त राहणाऱ्या एका मराठी कुटुंबाने २०१८ साली बाजारात आलेल्या बांधणीची एक स्विफ्ट गाडी जुन्या बाजारात विकत घेतली आहे. गणपतीसाठी चौघांना कोल्हापूरला जावयाचे आहे. वाट राष्ट्रीय महामार्ग क्रमांक ४८ची: तुमकूरु, चित्रदुर्ग, दावणगेरे, हुबळी, बेळगाव आणि निपाणीजवळचा तवंदी घाट, अंतर सुमारे सहाशे किलोमीटर. भाद्रपदाचे दिवस असल्याने बेळगावच्या पुढे रस्ता ओला असण्याचाच संभव अधिक. टायर गुळगुळीत झालेले आहेत, म्हणून कुटुंबप्रमुख गाडी घेऊन मोटारीच्या सुट्या भागांसाठी प्रसिद्ध असलेल्या जे. सी. रोडवर येतात. जुन्या टायरवर '२०५/६५ आर १५' असे लिहिलेले आहे. गाडीच्या दाराच्या चौकटीवरील पट्टीवर मात्र '१८५/६५ आर १५' असे छापलेले आहे. या दोहोंपैकी खरे कोणते मानावे? आणि इतक्याशा फरकाने असे काय बिघडते? या प्रश्नांची उत्तरे शोधण्यासाठी टायर नेमके काय काम करतो हे आधी पाहावयास हवे.

भार कोण वाहतो?

गाडीचे वजन टायरचे रबर पेलते, असा पुष्कळांचा समज असतो. वस्तुतः वजनाचा फार मोठा वाटा आतील दाबलेली हवा पेलते. रबर, त्यातील धाग्यांचे थर आणि कडांमधील पोलादी तारा यांचे मुख्य काम म्हणजे त्या हवेला कोंडून ठेवणे आणि तिचा आकार सांभाळणे. हवा गेलेला टायर गाडीखाली कसा चपटा होतो, हे आपण सर्वांनीच पाहिलेले आहे.

यावरून एक सोपे गणित मांडता येते. चार माणसे व सामान धरून गाडीचे वजन १२०० किलोग्रॅम आहे असे समजू. म्हणजे प्रत्येक चाकावर सरासरी ३०० किलोग्रॅम भार आला. टायरमध्ये दर चौरस इंचाला ३३ पौंड, म्हणजेच दर चौरस सेंटिमीटरला सुमारे २.३ किलोग्रॅम दाबाची हवा आहे. तेव्हा ३०० किलोग्रॅम पेलण्यासाठी टायरला रस्त्यावर सुमारे १३० चौरस सेंटिमीटर जागा टेकवावी लागेल. आपले टपालखात्याचे साधे पोस्टकार्ड १४ सेंटिमीटर लांब व ९ सेंटिमीटर रुंद असते. त्याचे क्षेत्रफळ १२६ चौरस सेंटिमीटर भरते. टायरच्या बाजूंचा ताठपणा हिशेबात धरला तर ही संख्या थोडी बदलेल, पण अंदाज चुकीचा ठरणार नाही. चार माणसांना घेऊन धावणारी सबंध मोटार चार पोस्टकार्डांएवढ्या जागेवर उभी असते. वळणे, थांबणे, उताराला सावरणे हे सारे या चार पोस्टकार्डांच्या आधारावर चालते.

या गणितातून आणखी एक गोष्ट निघते आणि ती थोडी अनपेक्षित आहे. रुंद टायर बसविला म्हणजे रस्त्यावर टेकणारी जागा त्याच प्रमाणात वाढते, असे आपल्याला वाटते. परंतु भार तोच आणि हवेचा दाबही तोच असेल, तर टेकणारे क्षेत्रफळ फारसे बदलू शकत नाही. बदलतो तो त्याचा आकार. अरुंद टायरचे पोस्टकार्ड लांबट असते, रुंद टायरचे आडवे. कोरड्या रस्त्यावर वळताना आडव्या आकाराचा थोडा फायदा मिळतो. पण पाणी साचलेल्या रस्त्यावर रुंद टायरला आपल्यासमोरचे अधिक पाणी बाजूला सारावे लागते. ते वेळेवर सारता आले नाही तर टायर पाण्याच्या पातळ थरावर तरंगू लागतो आणि सुकाणू व ब्रेक दोन्ही निरुपयोगी होतात. तात्पर्य, 'जितका रुंद तितका सुरक्षित' हा समज खरा नाही.

आकड्यांचा अर्थ

आता टायरच्या बाजूवरील मजकूर वाचू. '१८५/६५ आर १५ ८८ एच' या ओळीत चार आकडे आणि दोन अक्षरे आहेत. त्यांतील प्रत्येकाला स्वतंत्र अर्थ आहे.

पहिला आकडा १८५ हा टायरची रुंदी मिलिमीटरमध्ये सांगतो. ही रुंदी एका बाजूच्या फुगवट्यापासून दुसऱ्या बाजूच्या फुगवट्यापर्यंतची असते. रस्त्याला टेकणारा पट्टा त्याहून अरुंद असतो.

दुसरा आकडा ६५ हा मिलिमीटर नव्हे, टक्के आहे. रिमच्या कडेपासून टायरच्या माथ्यापर्यंतची उंची ही रुंदीच्या ६५ टक्के आहे, असा त्याचा अर्थ. १८५ चे ६५ टक्के म्हणजे १२०.२५ मिलिमीटर. येथेच बहुतेकांची फसगत होते. १८५/६५ आणि २०५/६५ या दोन्ही मापांत ६५ हा आकडा सारखाच दिसतो, म्हणून दोहोंची उंची सारखीच असेल असे वाटते. परंतु २०५ चे ६५ टक्के १३३.२५ मिलिमीटर होतात. म्हणजे टायर रुंद होताच उंचही झाला.

'आर' हे अक्षर रेडियल या बांधणीचे द्योतक आहे. त्यानंतरचा १५ हा रिमचा व्यास असून तो इंचांत दिलेला असतो. ८८ हा भारांक आणि 'एच' हे वेगाचे अक्षर. या दोहोंकडे आपण पुढे वळू.

एकाच ओळीत मिलिमीटर, टक्के आणि इंच अशी तीन परिमाणे एकत्र का नांदतात, याचे उत्तर इतिहासात आहे. हवा भरलेल्या टायरचे पहिले पेटंट स्कॉटलंडच्या रॉबर्ट विल्यम टॉमसन याने १८४५ साली घेतले, परंतु त्या काळी त्याला गिऱ्हाईक मिळाले नाही. १८८८ साली बेलफास्ट येथे जॉन बॉइड डनलॉप याने तीच कल्पना स्वतंत्रपणे पुन्हा शोधून काढली, आणि सायकलींमुळे तिचा झपाट्याने प्रसार झाला. पुढे मोटारींचे टायर इंचांतच मोजले जाऊ लागले. आपल्याकडील अँबॅसडर गाडीच्या टायरवर '५.९०-१५' आणि प्रीमियर पद्मिनीच्या टायरवर '५.२०-१४' असे आकडे असत. पहिला आकडा रुंदीचा, दुसरा रिमच्या व्यासाचा, आणि दोन्ही इंचांत. उंचीचे प्रमाण लिहिण्याची गरज नव्हती, कारण ते जवळजवळ ठरलेले असे. १९४९ साली फ्रान्सच्या मिशेलिन कंपनीने रेडियल टायर बाजारात आणला. त्यातील धागे आडवे, एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत सरळ जातात आणि माथ्याखाली पोलादी तारांचा पट्टा असतो. या टायरांची रुंदी मिलिमीटरमध्ये मोजली जाऊ लागली. रिम मात्र इंचांतच राहिले. पुढे अधिकाधिक बसके टायर निघू लागल्यावर उंचीचे प्रमाण वेगळे सांगणे भाग पडले आणि टक्क्यांचा आकडा मध्ये येऊन बसला.

बाह्य व्यास: न लिहिलेला आकडा

गंमत अशी की, ज्या आकड्यावर गाडीचे सर्वाधिक अवलंबून असते तो टायरवर लिहिलेलाच नसतो. तो म्हणजे टायरचा एकूण बाह्य व्यास. तो काढण्याची रीत मात्र सोपी आहे. रिमचा व्यास मिलिमीटरमध्ये करावा आणि त्यात टायरची उंची दोनदा मिळवावी, कारण रिमच्या वर आणि खाली दोन्हीकडे टायर असतो. १५ इंच म्हणजे ३८१ मिलिमीटर. त्यात १२०.२५ ची दुप्पट, म्हणजे २४०.५ मिळविले की ६२१.५ मिलिमीटर हा १८५/६५ आर १५ या टायरचा बाह्य व्यास झाला.

आता आपल्या उदाहरणातील गाडीकडेच पाहा. या स्विफ्टच्या काही आवृत्त्यांना कारखान्यातून १६५/८० आर १४ मापाचे टायर येत, तर वरच्या आवृत्त्यांना १८५/६५ आर १५ मापाचे. वरवर पाहता या दोन मापांत काहीच साम्य नाही. रुंदी वेगळी, टक्के वेगळे, रिमही वेगळे. परंतु गणित केले तर पहिल्याचा व्यास ३५५.६ अधिक २६४, म्हणजे ६१९.६ मिलिमीटर भरतो. दोहोंत फरक दोन मिलिमीटरांचाही नाही! हा योगायोग नव्हे. रिम मोठे केले तेव्हा अभियंत्यांनी टायर बसका केला आणि बाह्य व्यास जागच्या जागी राखला. बदली टायर निवडण्याचे मुख्य तत्त्व कारखान्याने असे स्वतःच दाखवून दिले आहे.

हा व्यास एवढा महत्त्वाचा का? चाकाच्या एका फेऱ्यात गाडी किती पुढे जाते हे त्याच्यावर ठरते. ६२१.५ मिलिमीटर व्यासाचे चाक एका फेऱ्यात सुमारे १.९५ मीटर जाते. म्हणजे एका किलोमीटरमध्ये ५१२ फेरे. गाडीतील वेगदर्शक आणि अंतरदर्शक रस्ता मोजीत नाहीत; ते फेरे मोजतात आणि एका फेऱ्याचे अंतर आधीच ठरलेले आहे असे गृहीत धरून आकडा दाखवितात. २०५/६५ आर १५ या टायरचा व्यास ६४७.५ मिलिमीटर, म्हणजे मूळ मापाहून ४.२ टक्के अधिक. अशा टायरवर वेगदर्शकाचा काटा १०० वर असेल तेव्हा, मूळ टायरच्या तुलनेत, गाडी १०४ च्या वेगाने धावत असते. बेंगळूरु ते कोल्हापूर या सुमारे ६१० किलोमीटरांच्या प्रवासात अंतरदर्शक सुमारे २५ किलोमीटर कमी दाखवील, आणि गाडी पेट्रोल जास्त खाते अशी मालकाची विनाकारण समजूत होईल.

परंतु नुकसान आकड्यांपुरतेच नाही. चाक मोठे झाले की तेच इंजिन त्याच गिअरमध्ये तेवढ्या जोराने गाडी ओढू शकत नाही; चढावर हे जाणवते. ब्रेकलाही मोठ्या चाकाच्या कडेवर तेवढाच परिणाम साधण्यासाठी अधिक जोर लावावा लागतो. शिवाय टायरचा माथा मडगार्डच्या १३ मिलिमीटर अधिक जवळ येतो आणि बाजूही दोन्हीकडून दहा-दहा मिलिमीटर फुगतात. रिकामी गाडी सरळ चालत असताना काही जाणवणार नाही. पण चौघेजण बसले, मागे सामान भरले, सुकाणू पुरते वळविले आणि त्याच वेळी चाक खड्ड्यात गेले, तर टायर आतल्या पत्र्याला घासू शकतो. बेंगळूरुच्या रस्त्यावरील उंचवट्यांना गाडीचा तळ लागू नये म्हणून पुष्कळजण मोठे टायर बसवितात. त्यातून गाडी उंच होते ती केवळ १३ मिलिमीटर, म्हणजे बोटाच्या रुंदीहूनही कमी. त्यासाठी दिलेली किंमत मात्र बरीच मोठी असते.

व्यासातील तीन टक्क्यांपर्यंतचा फरक चालतो, असे या व्यवसायात सर्वसाधारणपणे मानले जाते. ही शेवटची मर्यादा होय, उद्दिष्ट नव्हे. फरक शून्याच्या जितका जवळ तितका उत्तम.

भार आणि वेग

व्यास जुळला म्हणजे सर्व जुळले असे मात्र नाही. ८८ हा भारांक किलोग्रॅम दाखवीत नाही. तो एका आंतरराष्ट्रीय तक्त्यातील क्रमांक आहे. त्या तक्त्यात ८४ म्हणजे ५०० किलोग्रॅम, ८५ म्हणजे ५१५, ८७ म्हणजे ५४५, ८८ म्हणजे ५६० आणि ९१ म्हणजे ६१५ किलोग्रॅम. एका टायरने पुरेशा हवेसह जास्तीत जास्त किती भार वाहावा, हे त्यावरून कळते. अक्षराचा तक्ता वेगाचा आहे: 'एस' म्हणजे ताशी १८० किलोमीटर, 'टी' म्हणजे १९०, 'एच' म्हणजे २१० आणि 'व्ही' म्हणजे २४०.

येथे एक शंका येणे स्वाभाविक आहे. चार टायर मिळून २२४० किलोग्रॅम वाहू शकतात आणि गाडी भरून १२००-१३०० किलोग्रॅमची. मग पाच-दहा किलोग्रॅम इकडेतिकडे झाले तर काय बिघडले? उत्तर असे की, भार चारही चाकांवर कधीच सारखा नसतो. ब्रेक लावताच तो पुढे झुकतो, वळणावर बाहेरच्या चाकांवर जातो आणि खड्ड्यात क्षणभर कित्येक पटींनी वाढतो. शिवाय टायर एकदाच वाकत नाही. रस्त्याला टेकणारा त्याचा भाग प्रत्येक फेऱ्यात चपटा होतो आणि पुन्हा सावरतो. ताशी १०० किलोमीटर वेगाने जाताना हे सेकंदाला चौदा वेळा घडते. या वाकण्यातून उष्णता निर्माण होते. भार अधिक किंवा हवा कमी असेल तर टायर अधिक वाकतो, अधिक तापतो आणि अखेर रबर व धाग्यांचे थर एकमेकांपासून सुटू लागतात. भर उन्हात, भरल्या गाडीत, लांबच्या प्रवासात टायर फुटतात त्याचे एक प्रमुख कारण हेच आहे.

म्हणून नियम असा की, नव्या टायरचा भारांक गाडीच्या पट्टीवर त्या मापासाठी दिलेल्या भारांकाहून कमी असू नये, आणि वेगाचे अक्षरही खालचे असू नये. दोन्ही अधिक असल्यास हरकत नाही. १६५/८० आर १४ या टायरचा भारांक सामान्यतः ८५ असतो व तो काही आवृत्त्यांना कारखान्यानेच दिलेला आहे, हे खरे. परंतु कोणत्या आवृत्तीला किती पुरे, हे प्रत्येक आसावर येणारा भार मोजून कारखान्याने ठरविलेले असते. तो हिशेब आपल्यापाशी नसतो, पट्टी असते. पट्टीवर केवळ माप असेल तर भारांक व वेगाचे अक्षर गाडीच्या पुस्तिकेत पाहावे.

दुकानातील पर्याय

आता आपण जे. सी. रोडवरील त्या दुकानात परत येऊ. समजा, दुकानदाराने वेगवेगळी मापे दाखविली. सर्वांचे गणित एकत्र मांडले तर ते पुढीलप्रमाणे दिसेल. कंसातील भारांक त्या मापात सामान्यतः मिळणारा आहे.

१८५/६५ आर १५ (८८): व्यास ६२१.५ मि.मी.; मूळ माप.
२०५/६५ आर १५ (९४): व्यास ६४७.५ मि.मी.; फरक अधिक ४.२ टक्के.
१७५/६५ आर १५ (८४): व्यास ६०८.५ मि.मी.; फरक उणे २.१ टक्के.
१९५/५५ आर १६ (८७): व्यास ६२०.९ मि.मी.; फरक उणे ०.१ टक्का.
१९५/६० आर १५ (८८): व्यास ६१५ मि.मी.; फरक उणे १ टक्का.

२०५/६५ हे जुन्या मालकाने निवडलेले माप. ते भाराला भक्कम आहे, पण व्यासात नापास होते. १७५/६५ व्यासाच्या मर्यादेत बसते, परंतु भारांकात चार पायऱ्या खाली आहे. ते स्वस्त पडले तरी घेऊ नये. १९५/५५ आर १६ साठी नवी, मोठी अलॉय चाके घ्यावी लागतील. त्याचा व्यास तंतोतंत जुळतो आणि गाडी दिसतेही ऐटदार. पण भारांक एक पायरी खाली आहे. शिवाय रिम आणि रस्ता यांमधील रबराची उंची १३ मिलिमीटरांनी घटते. खड्ड्याचा मार सोसण्यासाठी हीच उंची कामी येते. ती कमी झाली की टायरच्या बाजूला फुगा येण्याचा आणि रिमला पोचा पडण्याचा धोका वाढतो. ज्या शहरात दर पावसाळ्यानंतर खड्डे चुकवीत गाडी चालवावी लागते, तेथे हा विचार गौण मानता येणार नाही.

उरले १९५/६०. व्यास आणि भार या दोन्ही कसोट्यांना ते उतरते. येथे तिसरी कसोटी लावावी लागते, ती रिमच्या रुंदीची. प्रत्येक मापाच्या टायरसाठी किमान व कमाल रुंदीचे रिम ठरवून दिलेले असते. १८५/६५ आर १५ हा टायर ५ ते ६.५ इंच रुंदीच्या रिमवर बसविता येतो. १९५/६० ला मात्र किमान ५.५ इंच रुंदी लागते. तेव्हा गाडीचे रिम ५ इंच रुंदीचे असेल तर हे माप बाद होते. अरुंद रिमवर रुंद टायर बसविला तर त्याच्या बाजू आत ओढल्या जाऊन तो कंदिलाच्या काचेसारखा फुगतो, वळणावर डुलतो आणि माथ्याच्या मध्यभागी लवकर झिजतो. रिमची रुंदी बहुधा रिमवरच कोरलेली असते. ती न पाहता टायर 'बसतो' एवढ्यावर समाधान मानू नये. यंत्राच्या जोरावर बरेच काही बसते. प्रश्न ते योग्य बसते की नाही, हा आहे.

म्हणजे सारासार विचार करता दाराच्या चौकटीवरील पट्टीच खरी ठरली. बहुतेक गाड्यांत ही पट्टी चालकाच्या बाजूचे दार उघडले असता चौकटीवर दिसते. गाडीसोबतच्या पुस्तिकेतही तीच माहिती असते. टायर बदलता येतात, रिम बदलता येतात, मालक बदलतो. पट्टी मात्र गाडीबरोबर कारखान्यातून आलेली असते.

आणखी काही पथ्ये

माप निश्चित झाल्यावर काही गोष्टी दुकानातच पाहून घ्याव्यात. २००९ सालच्या शासकीय आदेशाने टायरांना भारतीय मानक ब्यूरोचे प्रमाणचिन्ह आवश्यक केलेले आहे. ते टायरच्या बाजूवर असते. त्याच बाजूवर चार आकड्यांची एक संख्या लंबवर्तुळात असते. पहिले दोन आकडे आठवड्याचे व पुढचे दोन वर्षाचे. '२३२४' म्हणजे २०२४ सालच्या तेविसाव्या आठवड्यात बनलेला टायर. पडून राहिलेले रबरही हळूहळू कडक होते. म्हणून नवा टायर म्हणून घेताना तो खरोखरच अलीकडचा आहे ना, हे पाहावे.

एकाच आसावर दोन वेगवेगळ्या मापांचे टायर कधीही बसवू नयेत. लहान चाकाला मोठ्या चाकापेक्षा अधिक फेरे घ्यावे लागतात आणि गाडी एका बाजूला ओढू लागते. चाके घसरू न देणारी ब्रेकची आधुनिक व्यवस्थाही चारही चाकांच्या फेऱ्यांची तुलना करूनच काम करते. चुकीच्या मापाने तिची दिशाभूल होते. दोनच टायर घ्यावयाचे असतील तर ते मागच्या चाकांना लावावेत. पुष्कळांना हे उलट वाटते. परंतु ओल्या रस्त्यावर पुढची चाके घसरली तर गाडी सरळ जाऊ पाहते आणि वेग कमी करून ती सावरता येते. मागची घसरली तर गाडी स्वतःभोवती फिरते आणि सामान्य चालकाला ती सावरता येत नाही.

कायद्याने मोटारीच्या टायरची नक्षी किमान १.६ मिलिमीटर खोल असावी लागते. खाचांच्या तळाशी लहान उंचवटे असतात. टायरचा पृष्ठभाग त्यांच्या पातळीला आला की टायर बदलण्याची वेळ झाली असे समजावे. पावसात मात्र त्या आधीच पकड कमी होऊ लागते, म्हणून लांबच्या प्रवासापूर्वी या मर्यादेची वाट पाहणे शहाणपणाचे नव्हे.

शेवटी हवा. भारांक खरा ठरतो तो योग्य दाबाची हवा असेल तरच. हा दाबही त्याच पट्टीवर दिलेला असतो, आणि भरलेल्या गाडीसाठी पुष्कळदा वेगळा, अधिक दाब सांगितलेला असतो. तो गाडी चालविण्यापूर्वी, टायर थंड असताना मोजावा. तापमान दहा अंशांनी वाढले की दाब सुमारे दीड पौंडाने वाढलेला दिसतो. बेंगळूरु समुद्रसपाटीपासून सुमारे ९०० मीटर उंचीवर आहे. तेथे भरलेली हवा त्याच तापमानाला मुंबईत मोजली तर बाहेरील हवेचा दाब जास्त असल्याने मापक सुमारे दीड पौंड कमी दाखवील. म्हणून उतरून आल्यावर दुसऱ्या दिवशी सकाळी एकदा हवा पाहून घ्यावी. आणि स्टेपनी विसरू नये. चार टायर मूळ मापाचे बसवून मागच्या डिकीत पाचवा मात्र जुन्या चुकीच्या मापाचाच राहिला, तर रात्री अनोळखी रस्त्यावर पंक्चर होईल तेव्हा तीच चूक पुन्हा आसावर येऊन बसेल.

अशा रीतीने आपल्या उदाहरणातील कुटुंबाने १८५/६५ आर १५, भारांक ८८, मूळ अक्षराचे टायर घेतले, तर त्यांनी काही विशेष केले असे कोणाला वाटणार नाही. गाडी पूर्वीपेक्षा उंच दिसणार नाही, रुंद दिसणार नाही, शेजारीही त्याबद्दल विचारणार नाहीत. परंतु तवंदी घाटाच्या ओल्या उतारावर पुढचा मालमोटारवाला अकस्मात थांबला, तर चार पोस्टकार्डांएवढ्या त्या जागेवर जे जे अवलंबून आहे, ते सर्व अभियंत्याने योजल्याप्रमाणे काम करील. लोहाराने चाकाचा घेर मोजल्याशिवाय धाव तापविली नाही. आपणही दुकानाची पायरी चढण्यापूर्वी गाडीचे दार उघडून ती पट्टी एकदा वाचावी आणि तिच्यावरील आकडे कागदावर उतरवून घ्यावेत.